चौदा दिवस चालू

कोमारू कंपनीने घरच्या टीव्हीला जोडायचं गेमिंग मशीन पुन्हा बाजारात आणावं की नाही, हा प्रश्न बहारीनमधल्या मनामाच्या ऑफिसात ज्या माणसाने मांडला, त्याला मशीनची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हेही ठाऊक नव्हतं, असं जमालुद्दीन चौगुलेचं स्पष्ट मत होतं. हा माणूस म्हणजे मार्केटिंग मॅनेजर गुरुप्रसाद. पुण्याचा, पस्तिशीतला आणि नाकाने कांदे सोलण्यात पटाईत. त्याने पडद्यावर एकामागून एक सव्वीस स्लाइड दाखवल्या. शेवटच्या स्लाइडवर एका जुन्या मशीनचं चित्र होतं आणि त्याला झेंडूचा हार घातलेला होता.

"डेडिकेटेड कन्सोल इज डेड," गुरुप्रसाद म्हणाला. "टीव्हीखाली बॉक्स ठेवून खेळायचे दिवस संपले. गेम आता फोनवर आहे, क्लाउडवर आहे. कोमारूने पंधरा वर्षांपूर्वी बॉक्स सोडला ते शहाणपणाचंच केलं. आता परत त्यात पडायचं म्हणजे..." त्याने हाराकडे बोट दाखवलं.

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. जमालुद्दीनने खिडकीबाहेर पाहिलं. बहारीनच्या आभाळात वर्षातून मोजून दहा दिवस ढग दिसतो आणि हे शहाणे म्हणे तिथून गेम पाडणार. त्याला हसू आलं, ते त्याने लपवलंही नाही.

"जमालभाई, तुमचं वेगळं मत दिसतंय," गुरुप्रसाद म्हणाला.

"कंपनीने यावं," जमालुद्दीन म्हणाला. "फोनवर पोरं करतात त्याला खेळणं म्हणत नाहीत, साहेब. त्याला काच पुसणं म्हणतात."

दोघेतिघे हसले. गुरुप्रसादही हसला, पण म्हाताऱ्या नोकराच्या बोलण्यावर हसावं तसा. जमालुद्दीनला ते कळलं आणि झोंबलं.

त्याला बोलायचा हक्क होता. बाणकोटहून तो या बेटावर आला तेव्हा कोमारूच्या मशीनला आखातात तोड नव्हती. सगळ्या आखाताचं सर्व्हिस सेंटर याच इमारतीच्या तळघरात होतं. रियाधपासून मस्कतपर्यंतची आजारी मशीनं तिथे येत. वाळूने भरलेले पंखे, खाऱ्या हवेने गंजलेले बोर्ड, ऊब मिळते म्हणून पॉवर सप्लायमध्ये संसार थाटलेली झुरळं. हाताखाली सहा माणसं होती. मशीन नुसतं हातात घेऊन हलवलं की आत काय सुटलंय ते जमालुद्दीन सांगत असे. मग कंपनीला फोनवरच्या गेमचा साक्षात्कार झाला, मशीन बंद झालं, सहाही माणसं गेली आणि जमालुद्दीन एकटा उरला. आता त्याच टेबलावर तो एअर फ्रायर दुरुस्त करत असे. तळणीत तेल घालत नाहीत आणि वर त्याला तळणं म्हणतात, अशा लोकांविषयी त्याला काय वाटत होतं ते न लिहिलेलंच बरं.

मार्चमध्ये त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती. एचआरच्या माणसाने मागच्याच आठवड्यात बोलावून सांगितलं होतं. कोमारू मशीनच्या धंद्यात परत आली तर सर्व्हिस सेंटर पुन्हा तळघरात सुरू होईल, जमालुद्दीन त्याचा प्रमुख आणि व्हिसा दोन वर्षं पुढे. नाही आली तर सेक्शन खलास, मार्चअखेर तिकीट. त्याच्या व्हिसावर बायको कनीजचा व्हिसा होता आणि मुलीचाही. लाईबा अकरावीत होती. तिकीट हातात पडलं तर पोरीला ऐन बारावीच्या तोंडावर शाळेतून काढून रत्नागिरीत कुठेतरी घालावं लागणार होतं. लाईबा शाळेत पहिली येत असे. तिची बारावी इथे व्हावी, त्यानंतर आपल्याला बोटीत घालून समुद्रात सोडलं तरी चालेल, असं जमालुद्दीन कनीजला म्हणाला होता.

कंपनीला नुसती मतं नको होती. दुबईहून स्मिता नावाची बाई आली, तिच्यासोबत वीस नवी मशीनं आली. बाजारात न आलेली, चाचणीची. वीस घरांत ती चौदा दिवस ठेवायची होती. प्रत्येक मशीन रोज किती तास चाललं ते दुबईला परस्पर कळवणार होतं. त्यावरून कंपनी ठरवणार. पंधरा घरं एका एजन्सीने शोधली होती, बहारीनी आणि फिलिपिनो. भारतीयांची पाच घरं शोधायचं काम गुरुप्रसादकडे आलं. गुरुप्रसाद रिफाला व्हिलात राहत होता आणि शेजारच्या व्हिलात कोण राहतं हे त्याला चार वर्षांत कळलं नव्हतं.

"जमालभाई, तुमची कम्युनिटी मोठी आहे ना," तो म्हणाला. "बघा ना पाच घरं."

जमालुद्दीनने पाहिली. सगळी कोकणी, सगळी ओळखीची, तीन तर नात्यातली. शनिवारी तो स्मिताला घेऊन निघाला. डिकीत पाच मशीनं होती.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाणकोटकडच्या माणसाच्या घरात पाहुणा बसलेला असताना त्याच्या वस्तूला नाव ठेवत नाहीत. पाहुणा काहीही दाखवो, काहीही विचारो, उत्तर हो. नाही म्हणायचं असेल तर तो जिना उतरून गेल्यावर, दार लावून, आपसात. जमालुद्दीनला ही रीत जन्मापासून ठाऊक होती आणि तिचा तिटकाराही होता. या मुलाहिजापायी आपले लोक तीन-तीन विमा पॉलिसी घेऊन बसले आहेत, असं तो चारचौघांत म्हणत असे. पण त्या शनिवारी त्याला ही रीत आठवली नाही, किंवा त्याने आठवू दिली नाही.

पहिलं घर रिफातल्या उस्मानचं. उस्मान त्याचा चुलतभाऊ. त्याचं किराण्याचं कोल्ड स्टोअर सकाळी सहाला उघडे आणि रात्री अकराला बंद होई. त्याच्या बायकोने, मसूदाने, टेबलावर सांदणं, हामूर माशाचं सालन, तांदळाच्या भाकऱ्या, असं सगळं मांडलं होतं. स्मिताने आधी खाल्लं, मग कागद काढला.

"रोज साधारण किती तास खेळाल?"

"चार," उस्मान म्हणाला.

"पाच धरा," मसूदा म्हणाली. "मॅडम, आनखी एक सांदण घ्या."

सित्राच्या कारखान्यात बारा तासांची शिफ्ट करणारा आणि कंपनीच्या बसमध्येच झोप पुरी करणारा महमूद म्हणाला, लहानपणापासून याच मशीनची वाट पाहतोय. बुदैयाच्या आबिदाच्या घरी टीव्हीचा रिमोट सासूच्या उशीखाली असे आणि संध्याकाळी सात ते अकरा मालिका चालत. आबिदाने सासूकडे न बघता सांगितलं की सगळं घर मिळून खेळू. सासूनेही मान हलवली. उरलेल्या दोन घरांत याहून वेगळं काही झालं नाही. स्मिताचं फॉर्म भरता भरता पेन संपलं.

"किती उत्साही लोक आहेत!" परतताना गाडीत ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं हो. दुबईत लोक दारातूनच घालवतात."

जमालुद्दीनने तिच्याकडे पाहिलं. बाई वाईट नव्हती. ऑफिसात प्रश्न विचारणारी ती एकटीच होती. पण फॉर्मवर लिहिलेलं ते खरं, इतकी साधी गोष्ट मनात धरून ती शिकून मोठी झाली होती. आपल्याला नोकरीची काळजी नसती तर तिला तिथल्या तिथे दोन शब्द सुनावले असते, असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर मात्र त्याने तोंड सोडलं.

"शून्य येणार," तो कनीजला म्हणाला. "पाचही घरांत शून्य. उस्मान चार तास खेळणार! त्याला नमाजला पाच मिनिटं मिळत नाहीत. आणि तो महमूद. एक नंबरचे थापाडे सगळे. माझ्या पोरीचं शिक्षण या भिकार मुलाहिजात बुडणार."

कनीज भाजी निवडत होती. ती कमी बोलणारी बाई. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि तेवढ्यात जमालुद्दीन दोघांचं मिळून बोलला होता.

"तास कोन मोजता?" तिने विचारलं.

"मशीन."

"चालू असला का मोजता?"

"हो."

"आनि कोन खेळता का नाय, ता?"

"ते मोजायची अक्कल त्यांना कुठली? गुरुप्रसादने पास केलेला प्लॅन आहे. नुसतं चालू-बंद कळतं त्यांना."

कनीजने भाजी बाजूला सारली आणि फोन घेतला. जमालुद्दीनचं लक्ष नव्हतं. तो असरच्या नमाजला निघून गेला.

पुढच्या शुक्रवारी तो सहज म्हणून उस्मानकडे गेला. उस्मान दुकानात होता. हॉलमध्ये टीव्ही बंद होता आणि मशीन तिथे नव्हतं. ते स्वयंपाकघरात होतं, राईस कुकर आणि शेगडी यांच्या मधल्या जागेत, निळा दिवा लागलेला. त्याच्या अंगावर मसूदाने क्रोशाचं कव्हर घातलं होतं. पंखा आत जीव तोडून घुरघुरत होता आणि शेगडीवर मासे तळले जात होते.

"हे काय?" जमालुद्दीन ओरडलाच.

"हॉलमदी लोक येतात जातात, कोनाचा पाय लागायचा," मसूदा म्हणाली. "हितं माजी नजर रव्हता. भाभीनं सांगितलान ना, चवदा दिस बंद करायचा नाय. लाईबानं फोनवर सगळा समजावलान, आपोआप बंद व्हता ती सेटिंग कशी काढायची ती. परवा लाइट गेलेली दोन मिन्टां. माजा जीव वर-खाली. पन लगेच परत लावला."

जमालुद्दीनला सगळं एकदम कळलं. त्याने पहिलं काम केलं ते मशीनवरचं कव्हर काढायचं. मग मशीन उचलून शेगडीपासून लांब, खिडकीजवळ ठेवलं आणि मागची जाळी बोटाने पुसली. बोटाला तेल लागलं. अठ्ठावीस वर्षांत त्याने मशीनचे हजार हाल पाहिले होते, पण कुणी न खेळता मशीनला तळताना पहिल्यांदाच पाहत होता. मसूदाला फटकारायला शब्द जिभेवर आले. तेवढ्यात तिने ताट वाढून पुढे ठेवलं.

त्याने तिथेच एक वाक्य बोलायला हवं होतं. बंद करा, म्हणायला हवं होतं. तो जेवला आणि घरी आला. कनीजला त्याने काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. पोरगी अभ्यासाला बसली होती. तिच्याकडे बघून त्याने स्वतःला सांगितलं की आपण काहीच पाहिलं नाही. ज्या लबाडीबद्दल तो जगाला शिव्या घालत फिरत असे, ती आपल्याला इतकी सहज जमते याची त्याला किळस आली, पण ती किळस त्याने लाईबाच्या बारावीखाली दाबून टाकली.

चौदा दिवस शनिवारी रात्री बारा वाजता पुरे झाले. रविवारी सकाळी दहाला मीटिंग. पडद्यावर दुबईचे मोठे साहेब, शेजारी स्मिताचा तक्ता. एचआरचा माणूस मुद्दाम येऊन जमालुद्दीनच्या बाजूला बसला आणि हळूच अभिनंदन करत म्हणाला, "मबरूक, जमालभाई. व्हिसाचे पेपर तयार ठेवलेत."

तक्त्यावर पंधरा घरांच्या रेघा जमिनीलगत सरपटत होत्या. अर्धा तास, वीस मिनिटं, शून्य. आणि मग पाच रेघा छताला टेकलेल्या. पाचही घरांत चौदा दिवस, चोवीस तास. फक्त रिफाच्या एका घरात एका दिवशी दोन मिनिटं कमी.

एवढं बघून कुणी हसेल असं जमालुद्दीनला वाटलं. निदान कुणाच्या भुवया वर जातील. कुणाच्याच गेल्या नाहीत. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. वीस घरांची सरासरी दिवसाला सहा तासांच्या वर गेली होती आणि कंपनीला तीन हवे होते.

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," गुरुप्रसाद उठून म्हणाला. काही आठवड्यांपूर्वी ज्याने मशीनला हार घातला होता तोच हा माणूस. "इंडियन फॅमिली. जॉइंट फॅमिली. एक उठला की दुसरा बसतो. आपल्याकडे देवापुढचा दिवा जसा तेवत ठेवतात, तसं हे लोक कन्सोलकडे बघतात. हे डिव्हाइस नाही, सर, ही आस्था आहे."

वारा येईल तशी पाठ देणारे जमालुद्दीनने पुष्कळ पाहिले होते, पण इतक्या झटकन वळणारी पाठ पाहिली नव्हती. गप्प राहायचं हे त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. चाळीस मिनिटं त्याने दात आवळून काढली. आस्थेवर तीन स्लाइड झाल्या. मध्येच कुणीतरी विचारलं की बाकीच्या पंधरा घरांत काय कमी पडलं, आणि कुणीतरी उत्तर दिलं की कल्चर. स्मिता मात्र दोनदा त्या दोन मिनिटांच्या आकड्याकडे बघत थबकली, मग तिनेही पान उलटलं.

शेवटी मोठे साहेब म्हणाले की एक कल्पना सुचली आहे. लोक मशीन बंदच करत नसतील तर पॉवर बटण कशासाठी? नव्या मॉडेलला बटणच नको. जोडलं की कायमचं चालू. बटणाचा खर्च वाचेल आणि जाहिरातही करता येईल.

"ब्रिलियंट, सर," गुरुप्रसाद म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं.

जमालुद्दीनच्या डोळ्यांपुढे वाळूने भरलेले पंखे आले. आखातातल्या जुलै महिन्यात, बंद घरात, बंद न होणारं मशीन आलं. त्याची कानशिलं तापली.

"साहेब," तो हिंदी, इंग्रजी, येईल त्या भाषेत बोलू लागला, "ही पाच घरांतली माणसं झोपली कधी?"

पडद्यावरचे साहेब म्हणाले, सॉरी?

"झोपली कधी? आंघोळीला कधी गेली? उस्मानचं दुकान सकाळी सहाला कुणाच्या भुताने उघडलं? सव्वीस स्लाइड करता येतात तुम्हाला, पण चोवीस तासांत माणूस किती तास जागा असतो एवढं गणित येत नाही?" त्याला थांबता येईना, आणि खरं सांगायचं तर थांबायचंही नव्हतं. किती वर्षांनी त्याला बोलायला इतकं बरं वाटत होतं. "कोणीही खेळलं नाही. माझ्या बायकोने फोन केले सगळ्यांना. चालू ठेवा म्हणाली, माझ्या नवऱ्याची नोकरी जाईल म्हणाली. आणि हे आमचे लोक असे अडाणी की त्यांनी चौदा दिवस राईस कुकरशेजारी ठेवून ते चालू ठेवलं. आणि तुम्ही असे शिकलेले की तुम्ही त्याला आस्था म्हणालात."

एचआरच्या माणसाने आपली खुर्ची अर्धी वीत लांब सरकवली.

स्मिताचा चेहरा लाल झाला होता, पण पहिली बोलली तीच. "जमालभाई, मग आता तुम्हीच खरं सांगा. तुम्ही इतकी वर्षं यातच आहात. कंपनीने परत यावं?"

हा प्रश्न त्याला पंधरा वर्षांत कुणी मनापासून विचारला नव्हता. त्याचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं, पंधरा वर्षं तेच तो देत आला होता. पण उस्मानच्या स्वयंपाकघरातला तो निळा दिवा त्याने स्वतः पाहिला होता.

"नको," तो म्हणाला. "पाच घरांत चौदा दिवस मशीन चालू होतं, मॅडम. समोर, फुकट, चालू. एकाच्या मनातसुद्धा आलं नाही की बघू या काय आहे. ते दुकानातून विकत आणणार? नका येऊ."

"ॲज आय हॅव ऑलवेज मेंटेन्ड," गुरुप्रसाद म्हणाला, "डेडिकेटेड कन्सोल इज..."

जमालुद्दीन दाराबाहेर पडला तेव्हा हार घातलेली स्लाइड पुन्हा पडद्यावर आलेली होती.

तो घरी चालत आला. उन्हाने डोकं भाजत होतं, पण चाल हलकी होती. कनीज पोळ्या करत होती. त्याने बूट काढता काढताच सांगायला सुरुवात केली. मोठ्या साहेबांचं तोंड कसं उघडंच राहिलं, आस्था म्हणणारा गुरुप्रसाद दोन मिनिटांत कसा परत फिरला. त्याने गुरुप्रसादची नक्कल करून दाखवली. ती चांगली जमली. कनीज हसेल म्हणून तो थांबला.

कनीजने गॅस बंद केला.

"आनि आपला?" तिने विचारलं.

"आपलं काय?"

"लाईबाचा काय?"

"वाटेत फोन आला, मंगळवारी पासपोर्ट घेऊन बोलावलंय एचआरने," जमालुद्दीन म्हणाला. "कनीज, ते बटण काढून टाकणार होते. बटण! इतके मूर्ख लोक, तू बघितलं असतंस ना—"

"ते मूर्ख हायत ता मना पन म्हाईत व्हता," कनीज म्हणाली. "म्हनून तर मी फोन केले. शान्या मानसांसमोर असला काय चालला असता काय?"

त्याने हातातला बूट खाली ठेवला.

"चवदा दिस मी पाच घरांत हात जोडले. एकानं पन कशाला म्हनून इचारला नाय. आनि तुमी भर हपिसात माजा नाव घेतलाव. त्यांना अडानी म्हनालाव." तिचा आवाज चढला नव्हता. जमालुद्दीन ज्या आवाजात एअर फ्रायरविषयी बोलत असे, त्या आवाजात ती त्याच्याविषयी बोलत होती. "तुमाला ते मूर्ख ठरवायचे व्हते. ठरले. ते मूर्ख उद्या सकाळी हपिसात जातील. तुमी मंगळवारी पासपोर्ट घेवन जाल."

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. लाईबा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "सो वी आर गोइंग बॅक?" तिने विचारलं. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळू लावलं. रस्ताभर ज्या बोलण्याची चव त्याच्या तोंडात होती, ती कुठे गेली ते त्याला कळलं नाही. या पोरीपेक्षा आपल्याला एक बटण जास्त मोलाचं वाटलं, एवढंच त्याला स्पष्ट दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी मूर्ख हा तो शब्द वापरला, जो तो इतके दिवस इतरांसाठी ठेवत आला होता.

कनीजचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं, फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्या हातात दिला.

"भाभी," मसूदाचा आवाज आला, "पंदरावा दिस लागला. ता मशीन बंद करू का रव्हू दे? हे म्हनतात भाभीचा फोन येल्याबिगर हात लावायचा नाय."

"मी आहे, मसूदा," जमालुद्दीन म्हणाला. "बंद करा आता."

"भाईजान! काम झाला ना?"

त्याने कनीजकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, परातीतलं पीठ झाकत होती.

"नाय झाला," तो म्हणाला. बऱ्याच वर्षांनी तो घरच्या बोलीत बोलला. "व्हत आलेला. मीच मोडला. मीच बोललो."

फोनमधून भांड्यांचा आवाज येत होता आणि त्या आवाजात मशीनचा पंखा घुरघुरत होता, चौदा दिवस कुणी न थांबवलेला. मग मसूदा बोलली, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी, जपून.

"असू दे, भाईजान. मग आमी बंद नाय करत. आनखी चार दिस ठेवतो चालू. काय सांगावा, उपेग व्हयल."